कोपऱ्यातली पिन

वहिनींना किळस फार. कुणाला पालीची येते, कुणाला गोमेची. वहिनींना यायची ती माणसांची, आणि तीही त्यांच्या कॉम्प्युटरच्या पोटात डोकावल्यावर. कॅबिनेटचं झाकण उघडायच्या आधी त्या तोंडाला रुमाल बांधायच्या, हातमोजे चढवायच्या आणि म्हणायच्या, "बघू या हे लोक घरात कसे राहतात ते." मग जे निघायचं ते सांगायलाही नको, पण सांगतो. केसांचे गुंते. मेलेली झुरळं आणि त्यांची खाऊनपिऊन सुखी असलेली पिल्लं. पंख्याच्या पात्यांवर फोडणीच्या तेलाची काळी चिकट पुटं. एका कॅबिनेटमध्ये तर उंदरानं घर केलं होतं आणि अंथरायला कुणाचं तरी शाळेचं प्रगतिपुस्तक घेतलं होतं. मार्क यथातथाच होते, असं वहिनींनी नंतर सांगितलं.

आणि हीच माणसं कडक इस्त्रीचा शर्ट घालून काउंटरवर उभी! "मशीन जरा स्लो झालंय हो, व्हायरस असेल का?" वहिनी रुमालाआडून म्हणायच्या, "व्हायरस नाही, तुम्ही आहात." गिऱ्हाईक हसायचं, त्याला वाटायचं बाई विनोदी आहेत. वहिनी अजिबात विनोदी नव्हत्या.

दुकान बाजारातल्या एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून. पुढे काचेचा काउंटर आणि त्यामागे भाऊजी, म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. भाऊजींच्या पाठीमागे प्लायवूडचं पार्टिशन, आणि पार्टिशनच्या मागे वहिनींचं टेबल. टेबलावर दिवा लावलेलं मोठं गोल भिंग, स्पिरिटची बाटली, सहा जातींचे ब्रश आणि एक पांढरंशुभ्र फडकं, जे त्या रोज घरी नेऊन धुवायच्या. दुकान काढलं होतं वहिनींच्या नवऱ्यानं. चार वर्षांत त्याला दुकानाचा वीट आला आणि तो वायरिंगची कामं घेत गावोगाव फिरायला लागला. दुकान धाकट्या भावावर टाकलं आणि बायकोला म्हणाला, "तू जरा लक्ष ठेव." त्या 'जरा'ला आता अठरा वर्षं झाली होती.

वहिनी शिकल्या कशा, तर किळसेपायीच. पहिल्या दिवशी त्या दुकान झाडायला म्हणून आल्या. कोपऱ्यात बंद पडलेली सात मशीनं पडली होती आणि त्यातून घाण वास येत होता. वहिनींना काही तो वास सहन होईना. त्यांनी एक उघडलं, आत हात घालवेना म्हणून ब्रश घातला, स्क्रू काढला, मग दुसरा काढला, मग काढतच गेल्या. सगळं पुसून पुन्हा जागच्या जागी लावलं, तर मशीन चालू! सातातली चार तशीच चालू झाली. भाऊजींनी कपाळावर हात मारला. बाकीची तीन का चालू होत नाहीत या विचारानं वहिनींना झोप लागेना, आणि तिथून पुढे त्या या धंद्यात गळ्यापर्यंत बुडाल्या.

आता त्यांचं वय पन्नाशीच्या पुढे होतं आणि त्या मजल्यावर त्यांचा शब्द शेवटचा होता. कुठल्या प्रोसेसरला कुठला मदरबोर्ड चालेल यावरून दोन दुकानदारांची जुंपली की दोघंही तावातावानं वहिनींकडे यायचे. वहिनी कुणाचंच ऐकायच्या नाहीत. बोर्डाचं खोकं उलटं करायच्या, स्टिकरवरचा बारीक आकडा भिंगाखाली धरायच्या आणि सांगायच्या, "चालणार नाही." का, ते विचारलं तर सांगायच्याही, पण नाक मुरडून. खोटं बोलणाऱ्या माणसाची त्यांना झुरळाइतकीच किळस यायची. बाजारात सगळ्यांना हे ठाऊक होतं. दुकानदार गिऱ्हाइकाला सांगायचे, "खात्री हवी ना, मग वहिनींना विचारा, त्या स्वतःच्या दिरालाही सोडत नाहीत."

दिराला सोडावं असं दिरात काही नव्हतंच म्हणा. एक ऑफिस बंद झालं तेव्हा भाऊजींनी चाळीस-पंचेचाळीस जुने मदरबोर्ड घाऊक भावात उचलून आणले. दिसायला झकपक. प्रोसेसर जिथे बसतो ते सॉकेटही तेच, जे आजच्या कितीतरी प्रोसेसरना लागतं. पण बोर्ड निघाले तेव्हा आजचे प्रोसेसर जन्मालाही आलेले नव्हते. बोर्डाच्या आत जो मूळ प्रोग्राम असतो, ज्याला बायॉस म्हणतात, त्याला हे नवे प्रोसेसर ओळखताच येत नाहीत. बसतात झकास, चालू होत नाहीत. तो प्रोग्राम नवा भरता येतो, पण एकेका बोर्डावर बसून ते करायचं कुणी? भाऊजींनी त्यावर तोड काढली. काउंटरखाली एक जुनाट प्रोसेसर ठेवला. गिऱ्हाईक आलं की त्याच्या डोळ्यांदेखत तो बोर्डात बसवायचा, बटण दाबायचं, पडद्यावर अक्षरं उमटली की म्हणायचं, "बघितलंत? चालू बोर्ड देतोय, नंतर तक्रार नको." गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. दुसऱ्या दिवशी तोंड पाडून परत यायचं, तेव्हा भाऊजी काखा वर करायचे. "बोर्ड तर तुमच्यासमोर चालू झाला होता! तुमच्या प्रोसेसरातच काहीतरी गडबड असणार."

"भाऊजी, लाज वाटत नाही का हो?" वहिनी विचारायच्या.

"वहिनी, लाज ठेवायला दुकानात जागा कुठंय? सगळीकडे बोर्ड ठेवलेत."

असलं उत्तर ऐकलं की वहिनी तिथून उठायच्या. त्या पार्टिशनमागे जाऊन फडक्यानं टेबल पुसत बसायच्या, पुसलेलंच पुन्हा पुसायच्या.

त्या मंगळवारी अकराच्या सुमाराला एक गृहस्थ आले. येताक्षणी घड्याळ पाहिलं, बोलताना पाहिलं, भाऊजी उत्तर देईपर्यंत पुन्हा पाहिलं. वहिनींनी मनातल्या मनात त्यांचं नाव घड्याळवाले ठेवून टाकलं. त्यांच्या हातात प्लास्टिकची एक चपटी डबी होती. दातांचे डॉक्टर कवळी ठेवायला देतात तसली.

"मदरबोर्ड जळलाय," घड्याळवाले म्हणाले. "प्रोसेसर शाबूत आहे, या डबीत. याला चालेल असा बोर्ड हवा. आणि आजच हवा. बायकोचं मशीन आहे, गेले दोन दिवस घरात नुसती भुणभुण चाललीय."

ती भुणभुण कशाची, ते त्यांनीच कंटाळलेल्या सुरात सांगितलं. बायको घरी बसून कॉम्प्युटरवर दात घडवायची. पेशंटच्या तोंडाचं स्कॅनिंग दातांच्या लॅबकडून यायचं, त्यात पडलेल्या दाताची जागा असायची, तिथे शेजारच्या दातांना जुळेल, वरच्या दाताला नेमका टेकेल असा नवा दात पडद्यावर कोरायचा. लॅबचं मशीन मग तो खरा घडवायचं. नव्या लॅबनं तिला आजमावायला पाच दात दिले होते. तीन झाले होते, दोन राहिले होते आणि रविवारी बोर्ड जळाला. गुरुवारी संध्याकाळपर्यंत पाचही गेले तर काम कायमचं तिचं, नाहीतर दुसरी एक मुलगी वाट बघतच होती. "म्हणजे आमच्या डोक्याला ताप," घड्याळवाल्यांनी समारोप केला.

"आत्ता देतो!" भाऊजी म्हणाले आणि त्यांनी त्या चाळिसांतला एक बोर्ड काढला. "सॉकेट तेच, तंतोतंत. चालू करूनच दाखवतो." काउंटरखालचा जुनाट प्रोसेसर बाहेर आला.

पार्टिशनमागे वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या रुमाल खाली ओढत बाहेर आल्या. "ठेवा तो खाली, भाऊजी. आणि तुम्ही," घड्याळवाल्यांना म्हणाल्या, "ते घड्याळ पाच मिनिटं विसरा आणि माझं ऐका. सॉकेट तेच आहे, पण हा बोर्ड तुमच्या प्रोसेसरला ओळखणार नाही. दिवा लागेल, पंखा फिरेल आणि पडदा काळा तो काळाच राहील."

"पण हे तर म्हणतात की..."

"ते म्हणतात ते सोडा. दुसरं, हे बघा." त्यांनी सॉकेटच्या कडेचे छोटे काळे चौकोन बोटानं दाखवले. "प्रोसेसरला वीज पुरवतात ते हे. याच्यावर साधा धातूचा पत्रासुद्धा नाही उष्णता ओढायला. तुमच्या मिसेस तासन् तास दात फिरवून बघत असणार, प्रोसेसर सारखा पळत असणार. मागचा बोर्ड याच जागी जळाला ना? काळा डाग होता ना?"

घड्याळवाल्यांनी डाग पाहिला नव्हता. रॅमच्या पट्ट्या कुठल्या पिढीच्या, कॅबिनेट केवढं, वीज देणारा डबा किती क्षमतेचा, यातलं त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी बायकोला फोन लावला आणि वहिनींनी विचारलेलं एकेक पुढे ढकललं. पलीकडून पटापट उत्तरं आली. पट्ट्या दोन, जुन्या पिढीच्या, आकडा अमुक. कॅबिनेटची आतली लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये. डाग सॉकेटच्या डाव्या अंगाला, वरून तिसऱ्या चौकोनावर. वहिनींना अठरा वर्षांत असं गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. "या बाईंना कळतं," त्या भाऊजींना म्हणाल्या, आणि नंबर पावतीवर लिहून ठेवायला सांगितलं.

मग त्या स्वतः उठल्या आणि मजल्यावरची दुकानं पालथी घातली. पट्ट्या जुन्या म्हणजे अगदी नव्या पिढीचा बोर्ड बाद, त्यात त्या शिरणारच नाहीत. मधल्या पिढीतला हवा, कॅबिनेटमध्ये मावेल एवढा हवा, वीजपुरवठ्यावर जाड पत्रा हवा आणि बायॉस प्रोसेसरच्या नंतरचा हवा. एका दुकानात बोर्ड बरोबर होता पण खोक्यावरचा बायॉसचा आकडा जुना. दुसऱ्या दुकानात आकडा बरोबर, पण खोकं आधी कुणीतरी उघडलेलं, आत बोर्डावर तेलकट अंगठ्याचा ठसा. "शी! जेवता जेवता हाताळलाय काय?" वहिनींनी तो तसाच सरकवून दिला. तिसऱ्या दुकानात सगळं जुळलं. तो घेऊन त्या आल्या, घड्याळवाल्यांना स्टुलावर बसवलं आणि डबी घेऊन आत गेल्या.

डबीत स्पंजाचा तुकडा होता, प्रोसेसरच्या नेमक्या मापाची खाच कापलेला. त्यावर स्थिर वीज अडवणारी पिशवी, पिशवीत प्रोसेसर, पिना वरच्या बाजूला. या जातीच्या प्रोसेसरला पोटाखाली तेराशेच्या वर पिना असतात, केसाएवढ्या. प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे जावी म्हणून दोघांच्या मध्ये पेस्ट लावतात, पंखा काढताना त्या वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर उचकटून येतो आणि शेकडा नव्वद लोक तिथेच दहा-वीस पिना वाकवून बसतात. वहिनींनी भिंग ओढलं. ओळीमागून ओळ बघत गेल्या. एकही पिन वाकडी नव्हती. त्या स्वतःशीच म्हणाल्या, "काय हात आहे बाईचा!" कुणाच्या हाताचं त्यांनी असं कौतुक केल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

पण एका कोपऱ्यात घाण होती. जुन्या मेकॅनिकनं भिंतीला चुना फासावा तशी पेस्ट फासली होती, ती वितळून खाली उतरली होती आणि कोपऱ्यातल्या आठ-दहा पिनांमध्ये वाळून बसली होती. करडी, कडक, आणि तिच्यात अडकलेला एक केस आणि झुरळाचा पाय. पेस्ट वीज वाहणारी नव्हती. तसाच प्रोसेसर बसवला असता तरी मशीन वर्षानुवर्षं चाललं असतं. हे वहिनींना माहीत होतं, त्यांनी स्वतः दुसऱ्यांना दहादा सांगितलं होतं की नसता चोखंदळपणा करू नका. पण तो पाय! भिंगाखाली बोटाएवढा दिसत होता, त्याच्यावरच्या काट्यांसकट. वहिनींच्या अंगावर शहारा आला.

त्यांनी स्पिरिट लावलं, ब्रश फिरवला. केस निघाला, पाय निघेना. बारीक ब्रश घेतला, तरी निघेना. बाहेर घड्याळवाले विचारत होते, "झालं का हो?" वहिनींनी सुई घेतली. सुईनं पाय निघाला आणि त्याबरोबर अगदी टोकाची पिन आडवी झाली. त्यांच्या तोंडून "अगं बाई" निघालं. वाकलेल्या पिना सरळ करणं त्यांना नवीन नव्हतं. त्यांनी कटरचं पातं पिनेच्या मुळाशी घातलं, श्वास धरला आणि हळूच वर उचललं. पिन वर आली, सरळ झाली आणि पात्यावरच राहिली.

आवाजसुद्धा झाला नाही.

तरी त्यांनी प्रोसेसर नव्या बोर्डात बसवला. एखाद्या पिनेवाचून चालतंही कधी कधी. बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळा. पुन्हा काढला, पुन्हा बसवला, पुन्हा काळा. तिसऱ्यांदा बटण दाबताना भाऊजींचं डोकं पार्टिशनवरून डोकावलं. भाऊजींनी बोर्ड पाहिला, पातं पाहिलं, पात्याच्या टोकाची चमकणारी ती कुसळाएवढी पिन पाहिली आणि वहिनींचा चेहरा पाहिला. त्यांना एक शब्द सांगावा लागला नाही. ते वळले आणि मोठ्यानं म्हणाले, "अहो साहेब, तुमच्या प्रोसेसरची तर पिन तुटलेली आहे! आधीचीच दिसते."

"आधीची?" घड्याळवाले उठून आत आले. "कोण म्हणतं? मी खास या दुकानात आलो ते वहिनींचं नाव ऐकून. वहिनी, तुम्ही सांगा. आधीच तुटली होती का?"

आता यात अवघड काय होतं? 'माझ्या हातून तुटली' एवढे तीन शब्द. पण अठरा वर्षं ज्या बाईनं दुसऱ्यांच्या गलथानपणावर नाक मुरडलं, तिनं झुरळाच्या पायापायी तेराशे सरळ पिनांतली एक मोडली, हे सगळ्या मजल्यावर पसरणार, शेजारचे दुकानदार चहा पिता पिता सांगणार, भाऊजी तर जन्मभर ऐकवणार. नुकसानीची भीती नव्हती त्यांना, ते त्यांनी गुपचूप भरून दिलं असतं.  आणि मग त्यांच्याच तोंडातून, स्वच्छ आवाजात, बाहेर पडलं, "हो. तुटलेलीच होती."

घड्याळवाल्यांनी तिथेच फोन लावला. "अगं, काय करून ठेवलंयस? पिन तुटलीय पिन! वहिनींनी स्वतः भिंगाखाली पाहिलंय. तुला सांगितलं होतं की नाही, नसते उद्योग करू नकोस, मेकॅनिक बोलाव म्हणून? स्वतःला मोठी कारागीर समजते!" पलीकडून बारीक आवाज येत होता, "अहो, पण मी तर नीट..."  मग, "असेल. माझ्याच हातून झालं असेल." वहिनींना दोन हातांवरून ते ऐकू आलं. त्या खाली मान घालून फडक्यानं टेबल पुसत राहिल्या.

चार वाजता येतो, काही मार्ग निघतो का बघा, असं सांगून घड्याळवाले ऑफिसला गेले. ते जिना उतरल्याबरोबर भाऊजी आत आले आणि हात चोळत म्हणाले, "वा वहिनी! आज तुम्ही खऱ्या दुकानाच्या झालात."

वहिनी उठल्या आणि बाहेरच्या मोरीवर जाऊन खरोखर ओकल्या. पोटात होता फक्त सकाळचा चहा.

परत येऊन त्यांनी दुसरं मशीन उघडलं. आत नेहमीचीच घाण होती, पण तिची शिसारी येईना. सगळी शिसारी त्यांना स्वतःचीच येत होती. ती बाई आत्ता काय करत असेल, हे डोक्यातून जाईना. खाच कापलेला तो स्पंज समोर पडला होता. तेरा मिनिटं की तेवीस मिनिटं त्या नुसत्या त्याच्याकडे बघत बसल्या. मग कपाटातून सीलबंद खोकं काढलं. आत नवा प्रोसेसर होता, एका ऑफिसच्या ऑर्डरसाठी ठेवलेला, तुटलेल्याहून एक पायरी वरचा. वहिनींनी बोर्डाच्या यादीत त्याचा आकडा दोनदा ताडून पाहिला, मग तो बसवला. बटण दाबताच पडद्यावर अक्षरं आली.

"हा कुणाला?" भाऊजी ओरडले.

"दातवाल्या बाईंना. फुकट."

"डोकं फिरलंय का तुमचं? सगळं निस्तरलं होतं!"

"भाऊजी, तोंडातून आणखी एक शब्द काढलात तर तुमचे चाळीस बोर्ड एकेक करून जिन्यावरून खाली टाकीन." 

घड्याळवाले चारच्या ठोक्याला आले. वहिनींनी त्यांना स्टुलावर बसू दिलं नाही, उभ्याउभ्याच सांगितलं. "सकाळी मी खोटं बोलले. पिन माझ्या हातून तुटली. तुमच्या मिसेसनी काढलेल्या प्रोसेसरवर एक ओरखडा नव्हता. हा नवा प्रोसेसर बोर्डासकट जोडून दिलाय, तुमच्याहून चांगला आहे, याचे पैसे नकोत. घरी जाऊन कॅबिनेटमध्ये बसवलं की झालं. मला जे बोलायचं ते बोला."

वहिनी बोलणी खायला तयार होत्या. उलट, कुणीतरी कडाडून बोलावं म्हणून त्यांचा जीव आसुसला होता. घड्याळवाल्यांनी खोकं हातात घेतलं, आकडा वाचला आणि त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे वरचं मॉडेल? फुकटात? अहो, मग उलट फायदाच झाला की आमचा!"

"आधी घरी फोन करा," वहिनी म्हणाल्या. "सकाळी तुम्ही त्यांना वाटेल ते बोललात."

"करीन हो."

"आत्ता करा."

"राहू द्या, वहिनी." ते हसले, घरचं माणूस असल्यासारखं डोळा बारीक करून. "खरं सांगू का? तिला नाहीच सांगितलं तर बरं. लॅबचं काम मिळायची बातमी आली तेव्हापासून फार चढून बसली होती. जरा जमिनीवर आलीय. एवढा धाक असलेला बरा असतो." आणि घड्याळ बघून ते निघालेसुद्धा.

वहिनींच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. असल्या माणसाच्या हाती आपणच ते कोलीत दिलं होतं. त्यांनी पावती शोधली आणि तिच्यावरचा नंबर लावला.

"मी दुकानातून बोलतेय. वहिनी."

"हो हो, बोला ना." आवाज शांत होता, जरा बसलेला. "यांचा आत्ताच मेसेज आला, मशीन चालू झालं म्हणून. तुम्हाला फार त्रास दिला आम्ही."

"त्रास कसला, ऐका आधी. मशीन संध्याकाळी तुमच्याकडे येईल. उद्याचा दिवस आहे, परवाचा आहे. राहिलेले दोन दात आरामात होतील तुमचे."

"ते नाही करायचेत आता. दुपारीच लॅबला कळवून टाकलं मी, मला नाही जमायचं म्हणून. त्यांनी त्या दुसऱ्या मुलीला दिलंही."

 "अहो, पण का?"

"अहो, मी तो प्रोसेसर किती जपून काढला होता. आधी मशीन गरम केलं, हळूहळू फिरवून सोडवला, चांगला अर्धा तास घेतला. काढल्यावर दहादा पाहिला, मला सगळ्या पिना सरळ दिसल्या. आणि निघाली तुटलेली! म्हणजे माझ्या हाताला कळत नाही आणि डोळ्यालाही दिसत नाही. उद्या कुणाच्या तोंडात मी घडवलेला दात बसायचा, आणि तो चुकला तर? नकोच ते."

"ताई, ऐका माझं!" वहिनी जवळजवळ ओरडल्या. "तुम्हाला दिसलं ते बरोबर दिसलं. एकूण एक पिन सरळ होती. मी भिंगाखाली पाहिल्या. पिन मी मोडली, माझ्या या हातांनी, सुई घातली मी तिच्यात. आणि मग खोटं बोलले. लॅबला परत फोन करा, मी बोलते त्यांच्याशी, कुणाशीही बोलते."

 मग ती बाई हसली, अगदी हलकं.

"किती चांगल्या आहात हो तुम्ही. मला बरं वाटावं म्हणून एवढं स्वतःवर घेताय."

"अहो, बरं वाटायला नाही, खरं सांगतेय मी!"

"असं कसं होईल, वहिनी? यांनी मला सकाळी दुकानात जायच्या आधीच सांगितलं होतं, त्या बाजारात एकच बाई आहे जी कधी खोटं बोलत नाही. यांचं मी मनावर घेत नाही फारसं, काहीतरी बोलतात ते. पण तुम्ही पाहून सांगितलंत म्हटल्यावर माझा विश्वास बसला." तिनं नाक ओढलं. "ठेवते हं. कुकर लावायचाय."

फोन बंद झाला. वहिनींनी लगेच पुन्हा लावला. पूर्ण रिंग वाजली, कुणी उचलला नाही. काउंटरवर एक गिऱ्हाईक येऊन उभं होतं आणि भाऊजी त्याला सांगत होते, "खात्री हवी ना? थांबा, आमच्या वहिनींनाच विचारा."